बिनपगारी मे महिना

मैत्रिणींनो, या आठवड्यात कैरीच्या लोणच्याच्या मसाल्याबद्दल लिहीन असं कबूल केलं होतं. पण आंबेगाव तालुक्यातल्या पारगावहून एका ताईंचं पत्र आलं आणि लोणचं मागे पडलं.

पत्र सासूबाईंचं आहे. सून बी. ए., बी. एड., विषय इंग्रजी. जवळच्याच एका हायस्कुलात चार वर्षं तासावर शिकवते. ज्यांच्या घरात कुणी शिक्षक नाही त्यांच्यासाठी सांगते, तासावर म्हणजे जेवढे तास वर्गात उभं राहायचं तेवढ्याचेच पैसे. रोजचे चार तास मोजले जातात, पण थांबायचं साडेदहा ते पाच. वह्या तपासा, पेपर काढा, दहावीचे जादा तास घ्या, स्नेहसंमेलनात मुलींचे नाच बसवा. याचे पैसे नाहीत. मे महिन्यात तर काहीच नाही. जूनमध्ये निरोप येतो, "या बाई सोमवारपासून." चार वर्षांत नेमणुकीचा एक कागद म्हणून हातात पडलेला नाही. हिवाळ्यात उसाच्या कडेनं घरी येताना अंधार होतो, बिबट्याची धास्ती, म्हणून मुलाला थांब्यावर जाऊन उभं राहावं लागतं.

ताई विचारतात, "घरी चार गाई आहेत. एवढ्याशा पैशासाठी ही वणवण कशाला? सोडवू का नोकरी? माझा भाचा म्हणतो, जपानमध्ये इंग्रजीच्या मदतनीस शिक्षकाला सुद्धा मोठा पगार असतो. मग आपल्याकडेच अशी गत का?"

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. जपान सरकारनं १९८७ साली परदेशी तरुणांना शाळांत बोलावण्याची योजना काढली. मुलांना इंग्रजी बोलायची सवय व्हावी म्हणून जपानी शिक्षकाच्या जोडीला हे मदतनीस उभे राहतात. सरकारी योजनेतून गेलेल्यांचं बरं चालतं, तरी करार एकेका वर्षाचा आणि पाच वर्षांपुढे नाही. पण बरेच जण खाजगी कंपन्यांमार्फत शाळेत जातात. तिथली गोष्ट वाचाल तर वाटेल आपल्याच गावची. ऑगस्टच्या सुटीत पगार कापतात. विम्याचा आणि निवृत्तिवेतनाचा वाटा कंपनीला भरायला लागू नये म्हणून आठवड्याचे तास कागदावर तिसापेक्षा थोडे कमीच दाखवायची पद्धत होती. काही करारांत तर शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकानं त्याला थेट सूचना द्यायची नाही, कंपनीमार्फत द्यायची! (आपल्या घरात जावेला निरोप सासूमार्फत देतात, तसंच की.)

तेव्हा ताई, गत फक्त आपल्याकडची नाही. फरक एवढाच, की त्यांच्या हातात करार असतो. भांडायला काहीतरी असतं.

आपल्याकडे २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं आणि त्याच साली शिक्षण सेवक योजना आली. पहिली तीन वर्षं पगाराऐवजी मानधन. तेव्हा माध्यमिकला ४,००० रुपये होतं, २०२३ पासून १८,००० झालं. तेही कमीच. पण शिक्षण सेवकाच्या हाती नेमणुकीचं पत्र असतं आणि तीन वर्षं नीट गेली की कायम होण्याची वाट असते. तासावरच्या बाईला ती वाट नाही, मग ती दहा वर्षं शिकवो.

म्हणून माझं उत्तर असं, की नोकरी ठेवायची की सोडायची ते सूनबाईच ठरवू दे, पण कागद हातात आल्याशिवाय सोडायची नाही. आज सोडली तर ती चार वर्षं शाळेत होती याला पुरावा काय?

शाळा जूनच्या मध्यावर उघडेल. पहिल्याच आठवड्यात तिनं मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा. मागच्या चार वर्षांचं अनुभव प्रमाणपत्र आणि यंदाचं नेमणूकपत्र मागावं. अर्ज दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर स्पीड पोस्टानं नोंदणी करून पाठवा. आवाज चढवायचं काही कारण नाही. एक दोनशे पानी वही घालावी. तारीख, इयत्ता, किती तास, तासाबाहेर काय काम केलं. पैसे बँकेतच मागावेत. हातात मिळाले त्यापेक्षा जास्त रकमेवर सही करू नये, आणि कोऱ्या राजीनाम्यावर तर कधीच नाही. खाजगी शाळांच्या १९७७ च्या कायद्यात राजीनामा कसा द्यायचा तेही लिहिलंय, दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टानं, एक आपल्याजवळ. त्याच कायद्यानं शाळा न्यायाधिकरण दिलं आहे. लेखी काढून टाकलं तर तीस दिवसांत तिथे जायचं असतं. मात्र हे न्यायाधिकरण रीतसर नेमणूक झालेल्यांच्याच बाजूनं सहज उभं राहतं, हे तुमच्यापासून लपवत नाही.

शिक्षकांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. साधारणपणे त्याला सलग पाच वर्षं लागतात. तुमच्या सुनेचं पाचवं आता लागेल. दरवर्षीच्या त्या बिनपगारी मे महिन्यावर बोट ठेवून "सलग कुठे होती?" असं कुणी म्हणू शकतं. मे महिन्यात पेपर तपासले असतील तर तेही वहीत हवं ते यासाठीच.

आता थोडं घरातलं, रागावू नका. कायम जागेची वाट पवित्र पोर्टलवरून आणि अभियोग्यता चाचणीतून जाते. ती चाचणी २०१७ साली झाली, नंतर थेट २०२३ साली. पुन्हा २०२५ साली झाली. म्हणजे संधी आली तेव्हा तयारी असायला हवी. तुम्ही लिहिलंय, सून पहाटे धारा काढते, भाकरी करून शाळेत जाते, आल्यावर पुन्हा गोठा. मग अभ्यास कधी करणार? संध्याकाळची धार मुलानं काढली तर दीड तास सुटतो. थांब्यावर जातोच आहे, येताना बादली उचलेल.

आणि ताई, तिनं अर्ज दिला त्या दिवशी शाळेतून कुणी घरी येऊन म्हणेल, "बाईंना समजवा, उगाच वाईटपणा कशाला." येतीलच. त्यांना चहा द्या आणि म्हणा, "कागद तेवढा द्या." हे वाक्य सासूच्या तोंडून गेलं तर वेगळं वजन पडतं.

अनुभव प्रमाणपत्र मिळालं की मला कळवा. मोहरी आणि मेथीचं प्रमाण विचारणाऱ्या मैत्रिणींनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा. कैऱ्या तोवर फोडून मीठ लावून ठेवायला हरकत नाही.