फुकट म्हणे फुकट!

गेले पंधरा-वीस दिवस इथे काही लिहिलं नाही. घरातलं वातावरण बरं नव्हतं. नातलगांपैकी काहींना फोनवर कळलंच आहे आणि त्यांनी आपापली मतंही कळवली आहेत. हे त्या मतांना उत्तर समजा.

झालं असं की, आठवीतल्या माझ्या नातवाने माझ्या फोनवरून दोन महिन्यांत साडेचार हजार रुपये एका खेळात घातले. कुठला खेळ ते लिहीत नाही. राक्षस, जादूगार, तलवारी. आपण एक पात्र घ्यायचं आणि ते वाढवत न्यायचं, असा. फोनवर घ्यायला फुकट. पैसे गेले ते कधी ७९, कधी १५९, एकदा ७९९. पिन त्याला ठाऊक होता, कारण चष्मा सापडला नाही की मीच म्हणायचो, "टाक रे तेवढा नंबर."

त्याचा बाप त्याला चोर म्हणाला. न विचारता घेतले ती चोरीच, नाकारत नाही. पण "हल्लीच्या मुलांना वळण नाही" एवढ्यावर विषय संपवणाऱ्या सर्व काका-मामांना मी विचारतो, खेळ फुकट आहे ना? मग तो बनवणाऱ्यांचे पगार कोण देतं?

मी नातवाला शेजारी बसवून चार संध्याकाळ तो खेळ समजावून घेतला. (चाळीस वर्षं मराठी शिकवलं, आता विद्यार्थी झालो.) सुरुवातीला सगळं भराभर मिळतं. पोरगं रमलं की वेग मंदावतो. तलवार सुधारायची? आठ तास थांबा, नाहीतर हिरे द्या. म्हणजे कंटाळा त्यांनीच निर्माण करायचा आणि त्यावरचा उतारा त्यांनीच विकायचा! हिरे रुपयांनी घ्यायचे. वस्तू ८० हिऱ्यांची आणि गठ्ठा मिळतो ६०चा किंवा ३००चा. थोडे उरतातच, ते वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा घ्यायचे. शिवाय रुपयाचे एकदा हिरे झाले की खर्च टोचत नाही. आणि रोजची हजेरी! शाळेत हजेरीला तोंड वाकडं करणारी पोरं इथे सात दिवस सलग हजर, कारण एक दिवस चुकला की बक्षीस गेलं.

खरी मेख मात्र पेटीत आहे. हिरे देऊन पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब. जपानात नाणं टाकून खेळणं काढायची यंत्रं असतात, त्यांच्यावरून या प्रकाराला 'गाचा' म्हणतात. आपल्याकडे याला सोरट म्हणत. म्हशाच्या जत्रेत रिंग टाकायचे खेळ आपण सगळ्यांनी पाहिलेत. तिथेही लूट होतीच, पण साबणाची वडी समोर दिसायची, रिंग कुठे पडली ते दहा माणसं बघायची आणि खिसा रिकामा झाला की घरी यावं लागायचं. इथे बघणारं कोणी नाही आणि जत्रा कधी उठत नाही.

२०२०मध्ये आलेल्या 'गेन्शिन इम्पॅक्ट' या गाजलेल्या खेळात सर्वांत वरच्या दर्जाचं पात्र एका खेपेला मिळण्याची शक्यता ०.६ टक्के, म्हणजे हजारात सहा. नव्वदाव्या खेपेपर्यंत नाही मिळालं तर मग देतात. हे आकडे जाहीर तरी आहेत. दक्षिण कोरियाच्या नेक्सॉन कंपनीचा 'मेपलस्टोरी' घ्या. तिथे आपल्या शस्त्राचे गुण बदलायला 'क्यूब' विकत घ्यावे लागत. लोकांना हवे असलेले काही गुण एकत्र येणं कंपनीने आतून बंदच करून ठेवलं होतं आणि खेळणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. येणारच नाही अशा गोष्टीसाठी माणसं वर्षानुवर्षं पैसे ओतत होती! जानेवारी २०२४मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने सुमारे ११.६ अब्ज वॉन दंड केला, आपले साधारण ७० कोटी रुपये.

बहुतेक खेळणारे एक पैसाही देत नाहीत, हे खरं आहे. थोडेच देतात, आणि त्यातही भरमसाट देणाऱ्याला या धंद्यात 'व्हेल' म्हणतात. गिऱ्हाइकाला मासा म्हणणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. न देणारेही त्यांच्या कामाचेच, भारी तलवार मिरवायला गर्दी नको का?

बेल्जियमने २०१८मध्ये पैसे घेणाऱ्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला, पण त्याचा रोख पैसे जिंकायच्या आशेने पैसे लावण्यावर आहे. पेटीतून पैसे निघत नाहीत, तलवार निघते, म्हणून हा जुगार नव्हे, असं खेळवाले म्हणतात. मटक्यात निदान कधीतरी चार पैसे परत येत! इथे परत काहीच येत नाही, हाच निर्दोषपणाचा पुरावा?

आमचं धसई १ डिसेंबर २०१६ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले होते, दुकानांत कार्डाची यंत्रं बसली. मलाही कौतुक वाटलं होतं. पण नोट मोजून देताना हात अडखळतो, तो अडखळणंच गेलं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात मी साडेचार हजारांच्या नोटा दिल्या असत्या का? पिन मात्र दिला.

या धंद्यात हुशार माणसं पगार घेऊन बसली आहेत, पोरगं नेमकं कुठे कंटाळतं ते मोजत. त्यांच्यासमोर एकटं तेरा वर्षांचं मूल, आणि चोर म्हणायचं ते फक्त त्याला?

पिन बदललाय. चष्म्याला दोरी लावून घेतली. मुलगा अजून नातवाशी धड बोलत नाही. रविवारी कल्याणहून येईल तेव्हा हे छापून त्याच्या हातात देणार आहे.