बेलफास्ट पाठ, भिवंडी कोरी

कामतघरला वऱ्हाळदेवी तलावाकाठी बसलेल्या विशीतल्या कुणालाही विचारा, १९७० साली भिवंडीत काय झालं? "दंगल झाली होती," एवढंच उत्तर येईल. सुरू कुणी केली, या प्रश्नाला मात्र उत्तर तयार असतं. ते काय असेल, हे आडनावावरून आधीच ओळखता येतं.

आपल्यातले वाचणारे बेलफास्टवर वाचतात, रवांडावर वाचतात. पॅट्रिक रॅडन कीफचं 'से नथिंग' एका बैठकीत संपवतात. वाचावंच. पण दुसऱ्याच्या गावातली हिंसा वाचणं सोपं असतं. तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात आपलं कुणी नसतं.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडी पेटली. पाठोपाठ जळगाव आणि महाड. न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल या घटनांवरचा आहे. तो त्या दिवसापासून सुरू होत नाही. आधीच्या वर्षांतल्या मिरवणुका, घोषणा, दोन्हीकडे उभ्या राहिलेल्या संघटना, सगळं तो एकामागून एक मांडतो. तपासातला पोलिसांचा पक्षपातही झाकत नाही. तो वाचल्यावर "भडका अचानक उडाला" असं म्हणायला जीभ रेटणार नाही.

घरातले मोठे म्हणतात, "जुन्या खपल्या कशाला काढता?" पण १९७० वर गप्प राहून १९८४ टळलं नाही. शिवाय आपण मोकळी सोडलेली जागा रिकामी राहत नाही. तिथे व्हॉट्सअ‍ॅपचा फॉरवर्ड येऊन बसतो. त्याला ना तारीख, ना साक्षीदार, ना उलटतपासणी.

आणि फक्त रक्ताचीच पानं वाचायची असंही नाही. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी त्याआधी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांची माणसं पोलिसांसोबत बसत, बोलत. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या पुस्तकात या प्रयोगाची दखल घेतली. न झालेल्या दंगलीचा रील बनत नाही, म्हणून ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचत नाही. शांतता हेही कुणीतरी रोज केलेलं काम असतं.

तेव्हा बेलफास्ट जरूर वाचा, पण आधी भिवंडी वाचा. आणि ज्या पानावर आपल्या बाजूचा माणूस दोषी ठरतो, ते पान सोडून पुढे जाऊ नका. खरं वाचन तिथूनच सुरू होतं.