विश्लेषण : वय अडीच, उंची ९८ सेंटिमीटर, लेकराला कारसीट कोणती?

बडनेऱ्याहून अकोल्याकडे निघालेल्या गाड्यांमध्ये सुट्यांच्या दिवसांत हमखास दिसणारे एक दृश्य आहे. मागच्या सीटवर आजी, तिच्या मांडीवर नातू आणि नातवाचे डोके खिडकीच्या काचेला टेकलेले. लेकरू अंगाने उंच असेल तर चित्र थोडे बदलते. 'मोठं झालं आता, बसू द्या समोर,' असे घरातलेच कोणी म्हणते आणि ते वडिलांच्या शेजारी पुढच्या सीटवर येते. कारसीट आणलेलीच असेल, तर ती वर्षभरात लहान झाली म्हणून माळ्यावर गेलेली असते. वयाच्या मानाने उंच असलेल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलांबाबत पालकांची फसगत नेमकी इथेच होते. वय एक सांगते, वजन दुसरे आणि उंची तिसरेच.

रस्ता बदलला, सवय तीच

अमरावती-अकोला हा रस्ता वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी बदनाम होता. जून २०२२ मध्ये याच टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झाले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्यानंतर या वाटेने जाणाऱ्यांचा वेळ वाचला आणि गाड्यांचा वेगही वाढला. जिल्ह्यातूनच जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर ताशी चाळीसने जाताना मांडीवरचे मूल जेमतेम सावरता येत असेलही. शंभरच्या वेगात ते सावरणे माणसाच्या हातात उरत नाही.

हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी समोरच्या ट्रकवर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १४ किलोच्या मुलाला धरून ठेवण्यासाठी सुमारे २०० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. आई कितीही घट्ट धरो, एवढी ताकद कोणाच्याच हातात नसते. याच वेगाची टक्कर म्हणजे जवळपास तिसऱ्या मजल्यावरून पडणे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, योग्य बालसीट वापरल्यास लहान मुलांचे अपघाती मृत्यू निम्म्याहून अधिक कमी होऊ शकतात.

कायद्यात 'किंवा' आहे

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १९४-ब आले. १ सप्टेंबर २०१९ पासून ते लागू आहे. चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्ट किंवा बालसीटने बांधलेले नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड होतो. मेख 'किंवा'मध्ये आहे. अडीच वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला तरी कायद्याचे शब्द पाळले जातात, पण मूल सुरक्षित होत नाही. हा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाने बसवलेला असतो. लेकराच्या बाबतीत वरचा भाग मानेवर आणि खालचा भाग पोटावर येतो.

गंमत म्हणजे दुचाकीबाबत सरकार अधिक नेमके बोलले आहे. चार वर्षांखालील मूल मागे बसले असेल, तर त्याला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. कारसाठी एवढी स्पष्टता नाही. ब्रिटनमध्ये मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत बालसीट लागते, जर्मनीत १२ वर्षे किंवा १५० सेंटिमीटर. तिथल्या कायद्यात उंची मोजली जाते. आपल्याकडच्या कलमात उंचीचा शब्दही नाही. ती मोजण्याचे काम पालकांवर येऊन पडते.

खोक्यावरचे वय का फसवते?

दुकानात किंवा ऑनलाइन कारसीट पाहताना पहिली नजर जाते ती '९ महिने ते ४ वर्षे' या ओळीवर. ही ओळ सरासरी मुलासाठी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात अडीच वर्षांच्या मुलग्याची मधली उंची ९२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. ९८ सेंटिमीटरचा मुलगा शंभरातल्या सर्वांत उंच तीन-चौघांमध्ये मोडतो. त्याची उंची सव्वातीन-साडेतीन वर्षांच्या मुलाची असते, वजन मात्र बहुधा १३-१४ किलोच. हाडे, मान आणि एका जागी बसण्याची समज या गोष्टी अडीच वर्षांच्याच असतात.

सीटवर नारिंगी रंगाचे लेबल असते. खरी माहिती तिथे मिळते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सीट युरोपच्या जुन्या आर-४४ मानकाच्या आहेत. भारतीय एआयएस-०७२ मानकही त्याच धर्तीचे आहे. हे मानक वजनावर चालते : १३ किलोपर्यंत, ९ ते १८, १५ ते २५, २२ ते ३६ किलो असे गट. नवे मानक आर-१२९, म्हणजेच दुकानदार ज्याला 'आय-साइझ' म्हणतात ते, उंचीवर चालते. त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी होते. जुन्या मानकात ती नव्हती. युरोपीय संघात सप्टेंबर २०२४ पासून जुन्या मानकाच्या सीटची विक्री थांबली आहे. पैशाची फार ओढ नसेल तर उंच मुलासाठी नवे मानकच बघावे.

पण नवे लेबलही डोळे झाकून घेऊ नये. त्यावर बहुतेकदा '४० ते १०५ सेंटिमीटर' असे लिहिलेले असते. या वयात मूल वर्षाला आठेक सेंटिमीटर वाढते. ९८ सेंटिमीटरचे मूल १० ते ११ महिन्यांतच १०५ वर पोहोचेल. म्हणजे पंधरा-वीस हजारांची सीट वर्षभरही पुरणार नाही. जुन्या मानकाची '९ ते १८ किलो'ची सीट वजनाच्या हिशेबाने दोन वर्षे चालायला हवी, पण सडपातळ उंच मुलाचे वजन १८ किलो होण्याआधीच खांदे पट्ट्यांच्या वर जातात.

म्हणून लेबलइतकेच महत्त्वाचे एक माप घरीच घ्यावे. मुलाला भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर बसवावे आणि जमिनीपासून खांद्यापर्यंतची उंची शिंप्याच्या टेपने मोजावी. नंतर सीटच्या बैठकीपासून खांद्याच्या पट्ट्याच्या सर्वांत वरच्या खाचेपर्यंतची उंची बघावी. काही कंपन्या ती माहितीपत्रकात देतात; नसेल तर दुकानात मोजावी, ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याला विचारावी. पुढे तोंड करून बसणाऱ्या मुलाच्या बाबतीत पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून यायला हवा. आजच्या मापापेक्षा किमान चार-पाच सेंटिमीटर जागा शिल्लक असेल, तरच सीट पुरेल. दोन मुलांची एकूण उंची सारखी असली तरी एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचे धड. पायाने उंच असलेल्या मुलाला साधी सीटही बराच काळ चालते. धडाने उंच असलेले मूल लवकर सीटबाहेर जाते. हा फरक कोणत्याही खोक्यावर लिहिलेला नसतो.

बूस्टरची घाई

सीट लहान झाली की दुकानदार बूस्टर सुचवतो. बूस्टर म्हणजे मुलाला उंच करून गाडीचाच पट्टा त्याच्या अंगावर नीट आणणारी बैठक. ती स्वस्त असते. नव्या मानकाच्या बूस्टरवर '१०० ते १५० सेंटिमीटर' असे छापलेले असते आणि आपले पोरगे दोन-तीन महिन्यांत शंभरी गाठणारच असते. कागदावर सगळे जुळते.

इथे उंचीच्या मोहात पडू नये. बूस्टरवर मुलाला धरून ठेवणारा पट्टा कमरेच्या हाडावर टेकावा लागतो आणि या वयात ते हाड पुरेसे घडलेले नसते. धक्का बसला की पट्टा वर सरकून पोटात रुततो. शिवाय अडीच वर्षांचे मूल झोपले की एका बाजूला कलंडते, जागे असले की खाली पडलेला बिस्किटाचा पुडा उचलायला वाकते. दोन्ही वेळा खांद्याचा पट्टा जागेवर राहत नाही. बूस्टरसाठी वय चारच्या पुढे, वजन किमान १५ किलो आणि पूर्ण प्रवासात सरळ बसण्याची सवय, तिन्ही हवे. तोवर दोन खांदे, दोन कमरेच्या बाजू आणि पायांमधून एक असे पाच ठिकाणी धरणारे पट्टेच योग्य. ज्यांना एकदाच खर्च करायचा आहे त्यांनी ७६ ते १५० सेंटिमीटरच्या किंवा ९ ते ३६ किलोच्या एकत्रित सीट पाहाव्यात. त्यात आधी पाच ठिकाणचे पट्टे वापरता येतात, नंतर तीच सीट पाठीसह बूस्टर होते. मात्र खाचेचे माप इथेही तपासावेच लागते.

मागे तोंड करून बसवायचे? पाय दुमडतात ना!

लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान नाजूक. समोरून धडक झाली तर पुढे तोंड केलेल्या मुलाचे धड पट्ट्याने थांबते, डोके मात्र झटक्याने पुढे जाते. मागे तोंड असेल तर डोके, मान आणि पाठ एकत्र सीटच्या पाठीत दाबली जातात. त्यामुळे नव्या मानकात १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचे आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सीटची मर्यादा संपेपर्यंत तसेच बसवा म्हणते. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंतची मुले सर्रास मागे तोंड करून बसतात.

उंच मुलाच्या आईवडिलांचा आक्षेप ठरलेला असतो : पाय मावत नाहीत. पाय दुमडले, मांडी घातली, पाय सीटच्या पाठीवर टेकवले, यातल्या कशानेही बिघडत नाही. मुले तशीही जमिनीवर तशीच बसतात. जागा संपल्याची खूण डोके आहे. डोक्याचा वरचा भाग सीटच्या वरच्या कडेपर्यंत आला की त्या दिशेची मर्यादा संपली. मागे तोंड असताना खांद्याचा पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावा, हे पुढच्या दिशेच्या नेमके उलट आहे. जुन्या मानकाच्या '० ते १८ किलो' सीट मागे तोंड करून बहुधा १३ किलोपर्यंतच वापरता येतात. त्यामुळे १३.५ किलोच्या मुलाला तशी सीट घेतली तर ती पुढे तोंड करूनच लावावी लागेल. १०५ सेंटिमीटरपर्यंत मागे तोंड ठेवू देणाऱ्या फिरत्या सीट मिळतात, पण त्या महाग.

आणखी एक गोष्ट वाद न घालता पाळावी. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड केलेली बालसीट कधीही लावू नये. एअरबॅग फुगताना ती थेट मुलाच्या डोक्यामागच्या पाठीवर आदळते. पुढे तोंड करून बसणाऱ्यालाही मागेच बसवावे.

आधी गाडी बघा

बाजारातली सर्वांत चांगली सीट आपल्या छोट्या हॅचबॅकमध्ये बसेलच असे नाही. मागे तोंड असलेल्या सीटसाठी पुढची सीट बरीच सरकवावी लागते. वडीलही उंच असतील, तर चालकाच्या मागे ती लावता येत नाही; शेजारच्या सीटच्या मागे लावावी. मागच्या सीटच्या फटीत हात घालून आयसोफिक्सचे लोखंडी आकडे आहेत का, पाहावे. जुन्या गाडीत नसतील तर पट्ट्याने लावायची सीट घ्यावी. ती नीट आवळली तर कमी नाही. आयसोफिक्सची सीट असेल तर वरचा पट्टा डिकीतल्या किंवा पाठीमागच्या आकड्याला अडकवायचा असतो किंवा आधाराचा पाय जमिनीवर टेकवायचा असतो. दोन आकडे 'कट' करून बसले की काम झाले असे समजून बहुतेक जण तिथेच थांबतात. त्या पायाखाली सामान ठेवायचा कप्पा असेल तर गाडीचे माहितीपुस्तक वाचावे. पोकळ जागेवर पाय टेकवू नये. लावून झाल्यावर सीट मुळाशी धरून हलवावी. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर पुन्हा आवळावी.

अमरावतीच्या दुकानांत सगळे प्रकार मांडलेले नसतात, त्यामुळे खरेदी बहुधा मोबाइलवरूनच होते. सीट आली की खोका टाकण्याआधी गाडीत लावून, लेकराला बसवून पाहावे. परत करायची मुदत थोडी असते. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून जुनी सीट आली तर ती अपघातात सापडलेली नाही याची खात्री हवी, लेबल शाबूत हवे आणि प्लास्टिकवर कोरलेली निर्मितीची तारीख बघायला हवी. लेबल नसलेली सीट फुकट मिळाली तरी घेऊ नये.

लांबच्या प्रवासाला बडनेऱ्याच्या लोकांकडे एक पर्याय आहेच. जंक्शन घराजवळ आहे आणि रेल्वेत बालसीटचा प्रश्न येत नाही. ती लग्नाच्या मांडवापर्यंत जात नाही, एवढीच अडचण.

गाडीनेच जायचे, तर वऱ्हाडातल्या उन्हाचा विचार करावा लागतो. पारा ४५ अंशांपलीकडे गेला की बंद गाडीतले बक्कल आणि काळे प्लास्टिक भाजण्याइतके तापते. गाडी उभी करताना सीटवर पांढरा पंचा टाकावा आणि मुलाला बसवण्याआधी बक्कल आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. पंचा काढूनच पट्टे बांधावेत; पट्टा आणि अंग यांच्यामध्ये काहीही जाड राहू नये. थंडीतले स्वेटर-जॅकेटही त्याच कारणासाठी आधी काढावे आणि पट्टे आवळून झाल्यावर वरून पांघरावे. खांद्यावरचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरता आला, तर तो अजून सैल आहे.