आंदण आणि अभिमान

बदनाम वस्ती म्हटली की बडोद्याच्या मराठी घरांना मुंबईचा कामाठीपुरा आठवतो. तो बाजार बंदराचा. आपली राजनगरी विद्येची आणि संगीताची, अशी आपली सोयीस्कर समजूत आहे. ती टिकते, कारण आपण आपला इतिहास 1875 पासून, सयाजीरावांच्या दत्तविधानापासून मोजतो.

त्याआधी दोनच वर्षे, 1873 मध्ये, मल्हाररावांच्या कारभाराच्या चौकशीसाठी कर्नल मीड यांचा आयोग बसला. घरंदाज स्त्रियांना बळाने नेऊन राजवाड्यात लौंडी केले जाते, हे त्याच्यापुढील एक गाऱ्हाणे होते. पुढचा विषप्रयोगाचा खटला, फेअरसाहेबांचा पेला, हिऱ्याची पूड हे आपण रंगवून सांगतो. या स्त्रियांविषयी मौन पाळतो.

आयोग इंग्रजांचा, स्वार्थही त्यांचा, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ऐकणाऱ्याचा हेतू अशुद्ध असला म्हणून गाऱ्हाणे खोटे ठरत नाही.

1880 साली चिमणाबाईंच्या विवाहात तंजावरहून गौरा आणि कांतिमती या नर्तकी आंदण म्हणून आल्या. त्यांच्या नृत्याचा आपल्याला अभिमान वाटतो. माणूस आंदणात दिला गेला, याची खंत वाटत नाही.

याने सयाजीरावांची थोरवी उणावत नाही. मात्र राजा एकटा स्त्रिया पळवून आणत नसतो. दरवाजे उघडणारे लागतात, हिशेब लिहिणारे लागतात. ते कोण होते, हा प्रश्न आपण आपल्याच वंशावळींना विचारला पाहिजे.