लहान ट्रॅक्टर आणि कापणी यंत्र : खरेदीपूर्वीचा हिशेब

शेवटचा वेचा आटोपला म्हणजे कळंब तालुक्यातील काळ्या रानांत पऱ्हाटी उभी राहते. ती उपटून धुऱ्यावर रचावी, जळणासाठी बंडीत घालून घरी न्यावी, की जागच्या जागी बारीक करून मातीत मिसळावी, हा प्रश्न पूर्वी केवळ सोयीचा होता. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे जे नुकसान केले, त्यानंतर तो सोयीचा राहिलेला नाही. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत व रचलेल्या ढिगांत अळी सुप्तावस्थेत टिकून राहते आणि पुढील हंगामात तिचे पतंग नव्या कपाशीवर येतात. म्हणून फरदड न घेता शेत वेळेवर मोकळे करणे अगत्याचे झाले आहे. मजूर वेळेवर मिळत नाहीत, बैलजोड्याही कमी होत चालल्या. अशा स्थितीत बसून चालवावयाचा लहान ट्रॅक्टर आणि त्यास जोडावयाचे कापणी यंत्र आपल्या दारी असावे, असे अनेकांस वाटू लागले तर त्यात नवल नाही.

परंतु वाटणे आणि परवडणे यांत अंतर आहे. ट्रॅक्टरचे कर्ज घेतले की सातबारावर बोजा चढतो आणि तो उतरविण्याचे काम कोरडवाहू कपाशीलाच करावे लागते. पाऊस चुकला तरी हप्ता चुकत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यास कर्ज म्हणजे काय हे कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही.

खरेदीची चूक बहुधा क्रम उलटा लागल्यामुळे होते. शेतकरी प्रथम ट्रॅक्टर पाहतो, मग त्यास कोणते अवजार जोडता येईल हे विचारतो, आणि त्या अवजाराने आपले कोणते काम होईल हा विचार शेवटी करतो. क्रम याच्या नेमका विरुद्ध असावयास हवा. उदाहरणार्थ, पऱ्हाटीचेच घ्या. पक्व कपाशीचे खोड लाकडासारखे कठीण असते. ते कापून बारीक करणाऱ्या श्रेडरला साधारणतः ३५ अश्वशक्तीचा किंवा त्याहून मोठा ट्रॅक्टर लागतो. पंधरा-अठरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर जे एक मीटर रुंदीचे हलके कापणी यंत्र चालते, ते धुऱ्यावरील गवत, बागेतील तण व सोयाबीनचे अवशेष यांसाठी योग्य होय. जाड पऱ्हाटीत ते घातले तर इंजिन दबते, पट्टे घसरतात आणि पाती बोथट होतात. ज्या कामासाठी ट्रॅक्टर घेतला तेच काम त्याच्याने होत नाही, असे आढळून येईपर्यंत पहिला हप्ता आलेला असतो.

परदेशांत मोठ्या घरांभोवतीच्या हिरवळीसाठी बसून चालवावयाचे गवत-कापणी यंत्र वापरतात. जाहिरातींतून ते आता इकडेही दिसते व विस्तीर्ण आवार किंवा फळबाग असणाऱ्यांस त्याचा मोह पडतो. सपाट, दगडविरहित, मऊ गवताच्या जागेसाठी ते बनविलेले असते. त्याचा तळ जमिनीपासून फार उंच नसतो. आपल्याकडील भेगाळलेल्या काळ्या जमिनीत, कुंदा-हरळीच्या गाठोड्यांत आणि धुऱ्यावरील दगडांत त्याचा निभाव लागणे कठीण. शिवाय ते ना वखर ओढते, ना ट्रॉली. तेवढ्याच बैठकीची सोय व दहा कामांचा उपयोग लहान ट्रॅक्टरपासून मिळतो.

आता कामाच्या तासांकडे वळू. एक मीटर रुंदीचे यंत्र ताशी तीन किलोमीटर वेगाने चालले तर एका तासात तीन हजार चौरस मीटर कापणी व्हावी. पण वळणे, अडथळे व थांबे यांत चतुर्थांश वेळ जातो. म्हणजे एका एकरास सुमारे एक तास अठ्ठेचाळीस मिनिटे लागतात. पंधरा एकरांची एक पाळी सत्तावीस तासांत उरकते. वखरणीच्या दोन पाळ्या, एकदा रोटाव्हेटर आणि एकदा कापणी अशा चार पाळ्या धरल्या तर एकशे आठ तास होतात. वाहतुकीचे काम मिळवूनही पंधरा एकरांच्या कोरडवाहू शेतावर वर्षाकाठी दीडशे तासांपेक्षा अधिक काम निघणे अवघड आहे.

समजा, ट्रॅक्टर व अवजारे मिळून साडेचार लाख रुपये पडले. दहा वर्षांनी दशांश किंमत येईल असे मानल्यास दरसाल घसारा ४०,५०० रुपये होतो. सरासरी गुंतवणुकीवर दहा टक्के व्याज २४,७५० रुपये आणि विमा व निवारा यांचे दोन टक्के म्हणजे ९,००० रुपये. एकूण ७४,२५० रुपये. ट्रॅक्टर एक तासही न चालता उभा राहिला तरी एवढा खर्च अटळ आहे. तो दीडशे तासांवर वाटला तर ताशी ४९५ रुपये पडतात. डिझेल, वंगण, दुरुस्ती व चालक यांचा खर्च वेगळाच. हाच ट्रॅक्टर साडेसातशे तास चालला तर तो आकडा ९९ रुपयांवर येतो. गावातील भाड्याच्या दराशी हे आकडे ताडून पाहावेत. प्रत्येकाने आपली किंमत व आपले तास घालून हीच मांडणी कागदावर करावी.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला अनुदानाचा. लहान व सीमांत शेतकरी, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतील शेतकरी यांस इतरांपेक्षा अधिक दराने अनुदान मिळते, हे खरे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा करही १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पण अनुदानाने किंमत उतरते, कामाचे तास वाढत नाहीत. शिवाय पूर्वसंमतीपूर्वी केलेली खरेदी अनुदानास पात्र ठरत नाही. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर आगाऊ रक्कम भरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मृगाच्या पावसानंतर काळ्या जमिनीत वापसा दोन-तीन दिवसच टिकतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतात असतो. पेरणी लांबली तर होणारे नुकसान वरील हिशेबात दिसत नाही. ही अडचण खरी आहे व तिच्याकडे दुर्लक्ष करणारा सल्ला शेतकरी ऐकणार नाही. मात्र तिच्यावरचा इलाज एकट्याची मालकी हाच नव्हे. लगतची शेते असणाऱ्या चार-पाच शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ट्रॅक्टर घ्यावा आणि पेरणी व डवरणीसाठी निदान एक-दोन बैलजोड्या राखाव्यात. कपाशी फांद्यांनी ओळीत भरल्यावर तर ट्रॅक्टरपेक्षा बैलांचा डवराच बरा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात यवतमाळ जिल्ह्याचा समावेश होता व त्यात गटांच्या अवजारे बँकांस साहाय्य देण्यात आले. जेथे गटाने पाळीचा क्रम हंगामापूर्वी लिहून ठेवला नाही, तेथे भांडण ठरलेलेच. म्हणून आधी वही, मग ट्रॅक्टर. ज्याची वहिती तीस-चाळीस एकर आहे, ओलीत आहे, फळबाग आहे, त्याने स्वतंत्र ट्रॅक्टर जरूर घ्यावा. पंधरा एकरांच्या आतील कोरडवाहू शेतकऱ्याने एकट्याने घेऊ नये, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यानेही अर्जांची संख्या वाढावी म्हणून त्यास तसे सुचवू नये.

घ्यावयाचे ठरलेच तर मध्यप्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्रसामग्री प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा अहवाल विक्रेत्याकडे मागावा. १९५५ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या अहवालांत इंजिनच्या शक्तीपैकी अवजार फिरविणाऱ्या दांड्यावर प्रत्यक्ष किती मिळते व इंधन किती लागते, हे मोजून दिलेले असते. पत्रकावर छापलेल्या अश्वशक्तीपेक्षा हे आकडे महत्त्वाचे. ओलसर काळ्या मातीत हलका ट्रॅक्टर घसरतो. तेथे चारही चाकांना गती असलेला प्रकार उपयोगी पडतो. खोल नांगरटीची अपेक्षा मात्र लहान ट्रॅक्टरकडून करू नये. तिच्यासाठी गरजेच्या वर्षी मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणावा. सुटे भाग व कारागीर यवतमाळला मिळतात की नागपूरला जावे लागते, याची चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी.

घरी आलेल्या ट्रॅक्टरची निगा दिवसांवर नव्हे, तास-मापकावर ठेवावयाची असते. जानेवारीत पऱ्हाटी व गवत कापताना धुळीचे लोट उठतात. त्या दिवसांत हवेची गाळणी रोज पाहावी. फिरणाऱ्या दांड्यावरील आच्छादन काढून ठेवण्याची खोड अत्यंत घातक आहे. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यात अडकल्यास माणूस वाचणे दुरापास्त होते. पात्यांतून उडालेला खडा दूरवर जातो, म्हणून कापणी चालू असता शेतात गुराखी व मुले नसावीत आणि चाकावरील पत्र्यावर कोणासही बसवू नये. पात्यांत गुंतलेले गवत इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालूनच काढावे. पावसाळ्यापूर्वी यंत्र धुऊन, पात्यांस जुने तेल लावून ते फळ्यांवर ठेवावे, म्हणजे पुढील वेचा संपेल तेव्हा गंज खरवडण्यात दोन दिवस जाणार नाहीत.