देव देतो, मधे खातो कोण?

शेतकरी व कारागीर बांधवांनो,

मृग कोरडा गेला, आर्द्राही वाऱ्यावर उडून गेल्या, म्हणजे गावोगावच्या पारावर एकच उद्गार ऐकू येतो : "आता देवावर हवाला!" हा उद्गार कानी पडला की शहरातील काही शहाणे हसतात आणि "असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी" ही म्हण शेतकऱ्याच्या अंगावर फेकतात. त्यांस आमचा पहिला सवाल असा की, बाबांनो, खाटल्यावर पडून खाणारा शेतकरी तुम्ही कधी पाहिला आहे काय? पहाटे उठून जनावरांस वैरण टाकणारा, आणि वीज रात्री आली तर रात्री उठून विंचूकाट्याची पर्वा न करता विहिरीवर जाणारा जो माणूस, त्याच्या नशिबी खाटले आहे कोठे?

खरे पाहू जाता, देवावर भरवसा ठेवावा तो शेतकऱ्यानेच. घरात दळून खाता आले असते असे धान्य तो चाड्यावर मूठ धरून मातीत सोडतो. वर ढग आहे की नाही, हे त्याच्या हातात नाही. पण मूठ त्याच्या हातात आहे व ती तो सोडतो. आमचा कुंभारही तसाच. आवा रचून पेटवला, की आतले मडके पक्के निघते की फुटते हे त्याच्या स्वाधीन राहत नाही. परंतु आगीच्या आधी त्याने माती चाळलेली, भिजवलेली, तुडवलेली असते. आधी हात, मग हवाला, हा आमच्या वाडवडिलांच्या भरवशाचा क्रम आहे. त्यात हसण्यासारखे काहीही नाही. म्हाताऱ्या आईच्या तोंडचे देवाचे नाव काढून घ्यावे असे आमच्या काही शिकलेल्या मित्रांस वाटते. आम्हास तसे वाटत नाही. तिच्या हातची काठी काढून घेणारा तिला दुसरे काय देणार आहे?

मग आमचे म्हणणे काय? आमचे म्हणणे इतकेच की, देव देतो. परंतु त्याचे देणे आपल्या ताटात पडेपर्यंत वाटेत कोण कोण खातो, याचा हिशेब मागण्याचे आपण टाळतो आणि त्या टाळण्यालाच भक्ती म्हणतो. दुखणे येथे आहे.

दामाजीपंतांची कथा तुम्ही कीर्तनात अनेकदा ऐकली असेल. भयंकर दुष्काळ पडला होता, मंगळवेढ्यास बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे भरलेली होती, आणि बाहेर माणसे अन्नावाचून मरत होती. दामाजीपंतांनी कोठारे उघडून धान्य वाटले. पुढे बादशहाने पकडून आणण्यास माणसे धाडली, तेव्हा विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याचे पैसे दरबारी भरले व आपल्या भक्ताला सोडवले, अशी कथा आहे. कीर्तनकार या चमत्कारावर तासभर बोलतात. आम्ही म्हणतो, चमत्काराच्या अलीकडची गोष्ट पाहा. धान्य आकाशातून पडले नाही. ते गावातच होते. शेतकऱ्याच्याच घामाने पिकलेले होते व कुलपात होते. देव आला तो कुलूप निघाल्यानंतर आला. कुलूप काढण्याचे काम माणसालाच करावे लागले. दामाजीपंत जातीने ब्राह्मण होते असे परंपरा सांगते. चांगल्याला चांगले म्हणावयास आम्हास लाज वाटत नाही.

आणि देव आला तो कोणाच्या रूपाने? महाराच्या! ही कथा सांगणाऱ्यांनी महारास मात्र त्याच विठोबाच्या देवळात पाऊल टाकू दिले नाही. चोखोबाची समाधी महाद्वाराच्या पायरीपाशीच राहिली. १९४७ साली साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा कोठे ते दार उघडले. ज्याच्या रूपाने देव आपले रक्षण करावयास येतो, त्यालाच आपण दाराबाहेर ठेवतो, आणि मग देव का येत नाही म्हणून छाती पिटतो!

तुकोबांच्या घरी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात काय झाले, हे वारकऱ्यांस सांगावयास नको. पहिली पत्नी व मुलगा गेला, दिवाळे निघाले. देवावर त्यांच्याइतका भरवसा कोणाचा असणार? पण त्या भरवशाने त्यांनी केले काय? आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे त्यांचे चरित्र सांगते. वसुलीचा तगादा लावला नाही. स्वतः होरपळलेला माणूस दुसऱ्याच्या गळ्याचा फास सोडवतो, यालाच आम्ही देवावरची निष्ठा म्हणतो. आज तुकोबांच्या पालखीपुढे लोटांगण घालणारे किती सावकार आपले एक तरी खत नदीत सोडतात?

आता १८७६-७७ चा दुष्काळ घ्या. सोलापूर, पुणे, नगर या बाजूंस पाऊस गेला, हे खरे. परंतु त्याच वर्षांत हिंदुस्थानचा गहू जहाजे भरभरून विलायतेस जातच होता. सरकारी दुष्काळी कामावर आधीच अर्धपोटी राबणाऱ्यांची मजुरी १८७७ च्या आरंभी आणखी उतरवली गेली; सर रिचर्ड टेंपल यांच्या मापाप्रमाणे धट्ट्याकट्ट्या पुरुषास दिवसाला एक रत्तल धान्याची किंमत व वर एक आणा! त्यात कुदळ उचलण्याचे तरी बळ राहील काय? तेव्हा आमच्या हजारो गरीब माणसांनी काम टाकले व खाली मान घालून ती मजुरी घेण्याचे नाकारले. ती माणसे काय देवावर रुसली होती? नाही. देवाने दिलेल्या पोटाचे माप कमी करण्याचा अधिकार साहेबाला नाही, इतकेच त्यांनी सांगितले.

त्याच वर्षी जोतीराव फुले व त्यांच्या सत्यशोधक मंडळींनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळातील मुलांसाठी बालाश्रम काढला. सावित्रीबाई जुन्नरकडे ओतूर भागात होत्या. एप्रिल १८७७ मध्ये तेथून त्यांनी जोतीरावांस त्या मुलखाचे हाल पत्रातून कळवले. ही मंडळी निर्मिकास मानणारी होती. पण निर्मिक पाहून घेईल म्हणून ती घरी बसली नाहीत. भुकेल्या पोराच्या हातात भाकरी ठेवणारा हात हाच निर्मिकाचा हात, असे मानून ती राबली. पुढे १८८० साली सरकारच्या दुष्काळ कमिशनलाही कबूल करावे लागले की, दुष्काळात पहिला तुटवडा पडतो तो मजुरीचा. बाजारात धान्य असते, पण गरिबाच्या हाती ते घेण्यास पैसा नसतो. बलुतेदारांस हे कमिशनने सांगावयास नको होते. खळे रिकामे राहिले म्हणजे सुताराचा वाकस व लोहाराचा भाता आपोआप बंद पडतो, हे ते पिढ्यान् पिढ्या भोगत आले.

१९७२ चा दुष्काळ आमच्या घरातील जुन्या माणसांनी पाहिलेला आहे. आमची आजी खडी फोडावयास जाई. हाताला फोड, डोक्यावर ऊन, आणि दुपारी मुलांस मिळणारी सुकडी. संध्याकाळी चुलीपुढे बसून ती म्हणे, "पांडुरंगानं आजचं भागवलं." पण हीच आजी एकदा मुकादमाशी भर कामावर भांडली. हजेरीपटावर गावात नसलेल्या माणसांची नावे लागत होती, आणि राबणाऱ्या बायांचे दिवस कापले जात होते. कोणी तिला म्हणाले, "म्हातारे, देव बघतोय, तू कशाला तोंड वाईट करतीस?" ती म्हणाली, "देव बघतोय म्हणूनच बोलते. त्यानं दिलेलं मधीच कुणी खाल्लं, तर गप बसायचं नसतं." आजी अंगठा उठवणारी बाई, परंतु आम्ही आजवर जितकी प्रवचने ऐकली, त्या सर्वांहून हे एक वाक्य आम्हास मोठे वाटत आले आहे.

पाऊस त्या साली रुसला. पण १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामावर होती, आणि म्हणून आमची घरे उठली नाहीत. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला व १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, असा तो कायदा. त्यास पैसा कोठून आला? शहरातील नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसायकर या कामी लावण्यात आला. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातले चार रुपये माणच्या आणि आष्टीच्या मजुराच्या भाकरीत आले. बांधवांनो, देव देतो तो असा देतो. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात. चमत्कार पाहावयाचा असेल तर हा पाहा.

आणि आता आपल्या गावाचे पाहू. एका वर्षी पाऊस लांबला तेव्हा आमच्या गावी पर्जन्यासाठी यज्ञ झाला. दर उंबऱ्यास वर्गणी बसली. ज्यांच्या घरी नव्हते त्यांनी उसने काढून दिली. तुपाचे डबे अग्नीत गेले, पंगत झाली, दक्षिणा बांधून मंडळी मोटारीतून निघून गेली. पाऊस पुढे त्याच्या वेळेस आला व भरपूर आला. पण गावच्या तळ्यात पुरुषभर गाळ! पाणी आले तसे सांडव्यावरून वाहून गेले, आणि माघात बाया पुन्हा टँकरपुढे घागरी घेऊन उभ्या. सांगा, देवाने दिले नाही काय? दिले. ठेवावयास भांडे आपण तयार केले नाही. भांड्याचे पैसे आपण तुपात जाळले. बापाजवळ मागावयाचे तर लेकराला मध्ये वकील लागत नाही. आपल्या भाषेत, आपल्या शेताच्या बांधावर उभे राहून हात जोडावे. तेथे दक्षिणा पडत नाही.

२०२० साली साथ आली तेव्हा पंढरीची पायी वारी निघाली नाही. पादुका एस.टी.च्या गाडीतून गेल्या व लाखो वारकऱ्यांनी घरीच टाळ वाजवला. त्यांचा विठोबावरचा भरवसा कमी झाला होता काय? उलट, माझ्यामुळे शेजाऱ्याला रोग होऊ नये, हे जपणे हीच त्या वर्षीची वारी होती.

शेवटी एक अवघड गोष्ट, पण ती बोललीच पाहिजे. कर्जाच्या पायी कित्येक कर्ते पुरुष आपल्या जिवाचे बरेवाईट करून घेतात. ज्याच्या घरी हे दुःख झाले त्या घरास आम्ही बोल लावणार नाही. पण जो आज एकटा बसून मनाशी काही ठरवीत असेल, त्याला सांगतो : दादा, कर्ज हे पाप नव्हे, आणि पाऊस गेला हा तुझ्या पूर्वजन्मीचा गुन्हा नव्हे. ज्यांनी तुला तसे शिकवले त्यांनी तुला फसवले. आज रात्रीच घरात बोल, भावाला सांग, मित्राला सांग. मन अगदीच खचले असेल तर सरकारी दवाखान्यात डॉक्टरला सांग. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि बेकायदा सावकारीत जमीन गेली असेल तर ती परत मिळण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. तो अर्ज लिहून देणारा एखादा शिकलेला पोरगा गावात असेलच. बायाबापड्यांनो, घरातला माणूस गप्प झाला, जेवणावरून उठू लागला, तर "देव बघेल" म्हणून थांबू नका. देवाने बघावयास डोळे तुम्हास दिले आहेत.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. देवावर हवाला ठेवा, खुशाल ठेवा. पण चाड्यावर मूठ सुटू देऊ नका. वर्गणी काढावयाची तर ती आधी तळ्याच्या गाळासाठी काढा. चांगल्या साली गावच्या कोठीत चार पायल्या बाजूला टाका. वाईट साली त्या जात न विचारता वाटा. आणि देवाचे देणे जेथे मधेच अडते, मग ते रेशनच्या दुकानात अडो, हजेरीपटावर अडो, की देवळाच्या दारात अडो, तेथे चार जण मिळून जा व मोठ्याने विचारा : देवाने दिले, मधे खाल्ले कोणी?