सातचा भोंगा आणि आपली मालिका

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. हे जमलं, कारण मोठ्यांनीही फोन खाली ठेवला.

उरणला आपल्याकडे असा भोंगा नाही, पण सामायिक आहे. ४८ मिनिटं मन एका जागी ठेवायची सवय आपल्याला आहेच. मग रोज तेवढाच वेळ सगळ्या घराचे फोन एका डब्यात ठेवूया. सासूबाईंचाही, आपलाही. मालिका चालू ठेवून मुलांना "अभ्यास कर" म्हणण्यात अर्थ नाही. मुलांना पच्चक्खाण द्यायचं, तर आधी आपण घ्यायला हवं.